मोतीला बाल्कनीत बांधू नका

प्रश्न : आम्ही चिंचवडला तळमजल्यावर राहतो. गणपतीत दहा दिवस सगळे कोकणात गावी होतो. मोती (गावठी कुत्रा, 18 किलो) बोर्डिंगमध्ये होता आणि मनी (मांजर, साडेतीन किलो) शेजारच्या काकूंकडे. रात्री परत येऊन दार उघडलं, दिवा लावला, आणि पाच मिनिटांत घोट्यांना पिसवा चावायला लागल्या. मोती तर तेव्हा घरी आलाही नव्हता! व्हेटने मानेवर टाकायचे ड्रॉप दिले ते टाकले, शिवाय त्याला रोज पिसवांच्या शाम्पूने आंघोळ घालते. झुरळांसाठी पेस्ट कंट्रोल केलं तेव्हा पिसवांचंही करा म्हटलं. कापूर, कडुलिंब, डांबरगोळ्या, सगळं झालं. तीन आठवडे झाले, पिसवा आहेतच. मनी फारशी खाजवत नाही, म्हणून तिला काही लावलेलं नाही. मोतीला आता बाल्कनीत बांधलंय. घरात 11 महिन्यांची मुलगी रांगते, तिच्या पायांवर फोड आलेत. सासूबाई प्लेगचं नाव काढतात. मेहुण्यांनी गोठ्यातल्या गोचिडांचं औषध आणून दिलंय, ते फवारू का? दिवाळीत पुन्हा चार दिवस गावी जायचंय.

उत्तर : ताई, मेहुण्यांची बाटली उघडू नका. ती मुलीच्या आणि मनीच्या आवाक्याबाहेर ठेवा आणि जमेल तेव्हा परत करा. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी मोतीचं बघू.

त्याला बाल्कनीत बांधलंत, पण पिसवा घरातच राहिल्या. चावायला कुत्रा मिळत नाही म्हणून त्या आता माणसांकडे वळल्यात. ढोबळ हिशेब असा धरतात की पिसवांचा एकूण पसारा 100 मानला, तर जेमतेम 5 पिसवा जनावराच्या अंगावर असतात आणि बाकीच्या 95 अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात घरात पडलेल्या असतात. तुमची तीन आठवड्यांची सगळी मेहनत त्या 5 वर झाली.

अंगावरची मादी रक्त प्यायल्यावर दीडेक दिवसात अंडी घालू लागते आणि भरात असताना दिवसाला 40-50 अंडी घालते. अंडी केसांना चिकटत नाहीत. मोती जिथे लोळेल, जिथून उडी मारेल, तिथे ती रव्यासारखी गळतात. त्यांबरोबर पिसवांची काळी, दाणेदार विष्ठाही गळते. ती म्हणजे सुकलेलं रक्तच, आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या तेच खाऊन वाढतात. आईने अंड्यांसोबत शिदोरीही सांडून ठेवलेली असते म्हणायचं. अळ्यांना उजेड नको असतो. त्या दिवाणाखाली, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याच्या विणीत, फरशीच्या सांध्यात शिरतात आणि आठवडा-दीड आठवड्यात कोष करतात.

खरा घोळ या कोषात आहे. तो चिकट असतो, त्याला धूळ, केस, धागे चिकटतात आणि तो कचऱ्याच्या कणासारखा दिसू लागतो. फवारणीचं औषध त्याच्या आत पोचत नाही. आत पिसू तयार होऊन बसते, पण लगेच बाहेर येत नाही. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांतलं काही जाणवलं की ती काही सेकंदांत बाहेर पडते. काहीच जाणवलं नाही, तर महिनोन् महिने आत थांबू शकते. तुमचं घर दहा दिवस शांत होतं. श्रावणात गळलेल्या अंड्यांचे तोवर कोष झाले होते आणि आतल्या पिसवा तयार होत्या. तुम्ही सामान टेकवलंत, चालायला लागलात, आणि सगळ्या एकदम सुटल्या. बोर्डिंगवाल्याला दोष देऊ नका. पावसाळी हवेतसुद्धा अंड्यापासून पिसू व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे ही पैदास तुम्ही गावी जायच्या आधीपासून घरात सुरू होती.

कोष मारता येत नाही, म्हणून त्यातून पिसू बाहेर काढायची आणि ती ज्याच्या अंगावर उडी मारेल तिथे तिला मरण ठेवायचं. ते अंग मोतीचं आणि मनीचं. नीट औषध दिलेला कुत्रा घरभर फिरला की तोच सापळा होतो. नवी पिसू त्याच्यावर चढते, चावते आणि अंडी घालायच्या आत मरते. त्याला बांधलंत तर सापळाच उचलून ठेवल्यासारखं आहे.

औषध कुठे फसलं

मोतीच्या ड्रॉपमध्ये बहुधा फिप्रोनिल असणार, बाटलीवर बघा. हे औषध त्वचेच्या तेलात मिसळून अंगभर पसरतं. ते टाकायच्या आधी दोन आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, आणि पुढेही रोज शाम्पू तर नकोच. तुमचा शाम्पू ते तेलच धुऊन काढतोय. शाम्पूने त्या क्षणी अंगावरच्या पिसवा मरतात, पण कुत्रा वाळला की त्याचा असर संपतो आणि तासाभरात दिवाणाखालच्या नव्या चढतात.

ड्रॉप टाकायची पद्धतही अनेकांची चुकते. केस बोटांनी दुभंगून त्वचा दिसली पाहिजे, आणि नळीचं तोंड त्वचेला टेकवून औषध सोडलं पाहिजे. वरून केसांवर ओतलं तर ते केसांवरच वाळतं. जागा दोन खांद्यांच्या मधली, मानेच्या मुळाशी, जिथे जीभ पोचत नाही. 10 टक्के फिप्रोनिलची नळी 10 ते 20 किलोच्या कुत्र्यासाठी 1.34 मिलीची असते आणि मांजरासाठी अर्ध्या मिलीची. मोतीला 10 किलोच्या आतल्या कुत्र्याची 0.67 मिलीची नळी दिली गेली असेल, तर डोस निम्माच झाला. तेही तपासा.

तुमच्या घराची रीत बघता मोतीला आम्ही ड्रॉपपेक्षा चघळायची गोळी सुचवू. अफॉक्सोलानर दर महिन्याला, किंवा फ्लुरालानर 12 आठवड्यांतून एकदा. आंघोळीचा तिच्यावर परिणाम होत नाही आणि पिसवा काही तासांत मरू लागतात. गोळी वजनाच्या गटाप्रमाणे मिळते, म्हणून आधी वजन करून घ्या. तुम्ही मोतीला उचलून काट्यावर उभ्या राहा आणि मग त्यातून तुमचं वजन वजा करा. मोतीला कधी फिट आली असेल तर व्हेटना आधीच सांगा, मग ते दुसरं काही देतील. ड्रॉप कोणत्या तारखेला टाकले आणि रोज आंघोळ चालू होती, हेही सांगा. गोचिडांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मागू नका. पिसवांवर त्याचा भरवसा नाही, आणि कोली जातीच्या कुत्र्यांना ते भोवू शकतं.

मनीला त्याच दिवशी औषध द्यायचं. ती खाजवत नाही म्हणजे तिच्यावर पिसवा नाहीत असं नाही. मांजर चाटून चाटून पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे अंगावर काही दिसतच नाही. उवांची फणी घ्या आणि शेपटीच्या मुळाशी उलटसुलट फिरवा. फणीत काळ्या मिरीच्या भरडीसारखे कण आले, तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि मिनिटभर थांबा. कणाभोवती लालसर तपकिरी डाग पसरला, तर ते पिसवांचं पचलेलं रक्त. माती असेल तर असा डाग पसरत नाही. मनीसाठी मांजराच्याच नावाचे ड्रॉप आणा आणि कवटीच्या अगदी खाली, मानेवर टाका. कुत्र्याच्या मोठ्या नळीतलं थोडं तिला टाकून पैसे वाचवू नका. दोघं एकमेकांना चाटत असतील, तर ड्रॉप वाळेपर्यंत त्यांना वेगळं ठेवा. मुलीलाही त्या दिवशी मनीला कवटाळू देऊ नका.

मेहुण्यांची बाटली

कृषी सेवा केंद्रात गोठ्यासाठी मिळतं ते बहुतेक डेल्टामेथ्रीन असतं, पाण्यात पातळ करून गाई-म्हशींच्या अंगावर लावायचं. त्याच्या जातीची बहुतेक औषधं, पर्मेथ्रीन धरून, मांजराला विषारी आहेत, कारण मांजराच्या यकृताला ती नीट मोडता येत नाहीत. कुत्र्यांच्या काही ड्रॉपमध्ये आणि पट्ट्यांमध्येही पर्मेथ्रीन असतं. मोतीला तसं काही लावलं आणि मनी रात्री त्याच्या पोटाशी झोपली, तरी तिला बाधू शकतं. लाळ गळणं, कान आणि कातडी थरथरणं, चाल लटपटणं, मग झटके, असं काही तासांत सुरू होतं. तसं झालं तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण वापरून तिला धुवा, कोरडं करा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा. झटके सुरू झालेले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, तशीच उचला.

गोचिडांसाठी लावतात ते अमिट्राझही मांजराला चालत नाही, आणि पिसवांवर त्याचा फारसा उपयोगही नाही. डांबरगोळ्या आजच उचला. त्या दोन्ही जनावरांना विषारी आहेत, आणि रांगतं मूल त्या तोंडात घालतं. काळं फिनाईल मनी असलेल्या घरात नको. फरशीवर चालून ती पंजे चाटते. टी ट्री ऑइल नको, आणि पोळीत लसूण घालून देणंही नको. लसणाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कापूर आणि कडुलिंबाने वास येतो, घरातल्या अंड्या-कोषांना काही होत नाही. केरोसीन चोळायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, कातडी भाजते.

घर

पहिले दोन आठवडे रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. दिवाण भिंतीपासून ओढून त्याच्या मागे आणि खाली, सोफ्याच्या गाद्या काढून शिवणींत, भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यांत, दारांच्या उंबऱ्यांशी, आणि मोती जिथे हमखास बसतो तिथे सगळ्यात जास्त. घराच्या मधोमध मोकळ्या फरशीवर फारसं काही नसतं, तिथे वेळ दवडू नका. व्हॅक्यूम लावल्यावर दोन-तीन दिवस पिसवा वाढल्यासारख्या वाटतील. घाबरू नका, थरथरीने कोष उघडतायत, आणि आपल्याला तेच हवंय. मशीनमधला केर त्याच वेळी पिशवीत घट्ट बांधून इमारतीच्या बाहेरच्या डब्यात टाका. मशीनमध्येच राहू दिला तर त्यातले कोष आतच फुटतात.

व्हॅक्यूम नसेल तर केरसुणीने ओढून काढा, फक्त केर सुपलीतून घरातल्या डब्यात न टाकता साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. शहाबादी फरशी असेल तर सांध्यांत उकळतं पाणी बारीक धारेने सोडता येतं. ते काम मूल आणि जनावरं दुसऱ्या खोलीत असताना करा.

मोतीचं गोणपाट किंवा जुनं पायपुसणं वाचवत बसू नका, बांधून फेकून द्या. त्याच्या जागी धुता येईल अशी चादर घाला आणि दर आठवड्याला धुवा. चादरी, अभ्रे, पातळ गोधड्या 60 अंश तापमानाच्या पाण्यात अर्धा तास धुवायच्या. मशीनमध्ये गरम पाण्याचा प्रोग्राम नसेल तर बादलीत कढत पाणी घालून भिजवा. धुवायला नेताना त्या झटकू नका, एका चादरीत गाठोडं बांधून न्या, नाहीतर वाटेत अंडी सांडत जातील. कापसाच्या गाद्यांना उपाय उन्हाचाच, पण तो खरा उपाय आहे. अळ्यांना दमट हवा लागते, कोरड्या तापात त्या टिकत नाहीत. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की गच्चीवर दोन-तीन दुपारी दोन्ही बाजू पालटून गाद्या तापवा.

झुरळांच्या पेस्ट कंट्रोलने काही झालं नाही यात नवल नाही. जेल झुरळं खातात, पिसवा नाही. पुन्हा बोलावणार असाल तर फोनवरच सांगा की काम पिसवांचं आहे, घरात मांजर आणि रांगतं मूल आहे, आणि औषधाचं नाव आधी कळवा. त्यांच्याकडे वाढ रोखणारं औषध, म्हणजे पायरिप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन, आहे का ते विचारा. ते अंडी आणि अळ्यांना पुढे वाढू देत नाही, आणि अशा घरात खरा फरक त्यानेच पडतो. मोठ्या पिसवा मारणारं औषध फवारायचंच असेल तर फक्त फर्निचरच्या खाली आणि फटींत, मुलगी रांगते त्या फरशीवर नाही. फवारणीच्या आधी व्हॅक्यूम करून घ्या. सगळं पूर्ण वाळेपर्यंत, किमान चार तास, माणसं बाहेर, आणि मनीला दुसऱ्या दिवसापर्यंत काकूंकडे ठेवा. माशांची टाकी असेल तर ती बाहेर हलवा. ही औषधं माशांना घातक असतात आणि टाकीचा पंप खोलीतली हवा आत ओढतो. फवारलेल्या कडा दोन आठवडे ओल्या फडक्याने पुसू नका, मधली फरशी पुसा. दुसरी फेरी 14 दिवसांनी. पहिल्या वेळी जे कोषात होतं त्यातलं बरंचसं तोवर बाहेर आलेलं असतं, म्हणून दोन फेऱ्यांचंच काम ठरवा.

पिसवांच्या औषधाचा पट्टा आणि भिंतीला लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असे दोन खर्च लोक हमखास करतात. पट्ट्यांत बरेवाईट दोन्ही आहेत, व्हेट सांगतील तो घ्या. यंत्र घेऊ नका.

किती दिवस

औषध आणि सफाई एकाच दिवशी सुरू केलीत, तर पहिल्या आठवड्यात चावे कमी होतील. मग दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात कधीतरी पुन्हा उसळी येईल, कारण उरलेले कोष फुटतील. बहुतेक जण याच वेळी ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून सोडून देतात. मोतीच्या अंगावर एखादी जिवंत पिसू दिसली तर ती नुकतीच चढलेली असते. ती उद्या दिसते का ते बघा, आज मोजू नका. एकूण दोन महिने धरून चाला, आणि दोन्ही जनावरांचं औषध किमान तीन महिने एकही तारीख न चुकवता द्या.

मोजणीसाठी पांढरे, गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला आणि संध्याकाळी पाच मिनिटं खोल्यांतून चाला. पिसवा मोज्यांवर ठिपक्यांसारख्या दिसतात. प्रत्येक खोलीचा आकडा कॅलेंडरवर लिहा. जी खोली मागे राहिली, तिथे काहीतरी सुटलंय. बहुतेक वेळा ती मनीची एखादी गुपित जागा असते, म्हणजे माळ्यावरचं खोकं किंवा कपाटावरची जुनी पिशवी. रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याची परात ठेवली तर पिसवा त्यात पडतात, पण त्याचा उपयोग कुठे किती आहेत ते कळण्यापुरताच.

तळमजल्यावर आहात, तेव्हा जिन्याखाली भटकी मांजरं झोपतात का ते बघा. तिथली चिंध्यांची रास, ओला पाला, फुटक्या कुंड्यांमागची माती साफ करून घ्या. उघड्या उन्हातल्या अंगणात अळ्या जगत नाहीत, त्यामुळे सगळा आवार फवारायची गरज नाही. सोसायटीत मांजरांना खाऊ घालणारं कुणी असेल तर त्यांच्याशी भांडण्यापेक्षा ड्रॉपचा खर्च वाटून घ्या. नाहीतर मोती रोज जिन्यातून नव्या पिसवा आणणार.

मुलीच्या फोडांवर कॅलामाइन लावा आणि नखं कापा. फोड चिघळले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मोती-मनीच्या शेपटीखाली किंवा अंथरुणावर वाळलेल्या तांदळासारखे, काकडीच्या बीसारखे तुकडे दिसतायत का तेही बघा. तो पट्टकृमी, आणि बहुधा पिसू गिळल्यानेच तो होतो. दिसले तर व्हेटकडून प्राझिक्वांटेल घ्या, कारण जंताच्या प्रत्येक गोळीने तो जात नाही. घरात पिसवा असेपर्यंत तो पुन्हा होत राहतो. लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर मुलालाही होऊ शकतो, म्हणून मुलीच्या शीमध्ये असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा.

आणि सासूबाईंना सांगा, त्यांची भीती खोटी नाही, पण ती पिसू वेगळी. 1896 ला मुंबईत आलेला प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरवला, आणि 1994 मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत पुन्हा हाच आजार निघाला. मोती-मनीवर असते ती बहुतेक मांजराची पिसू. जुनी माणसं ‘उंदीर पडले’ की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायची, त्यांचा तो अनुभव अजूनही उपयोगाचा आहे. विष न घालता घरात किंवा आवारात उंदीर मरून पडायला लागले, तर हात न लावता महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. तसं काही नसेल तर निश्चिंत राहा.

दिवाळीचं. तोवर हे उपाय सुरू करून तुमचे जेमतेम तीन-साडेतीन आठवडे झालेले असतील. निघायच्या आदल्या दिवशी सगळं व्हॅक्यूम करा आणि केर बाहेर टाका. अंथरुणं धुऊन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवा. दोघांच्या औषधाची तारीख त्या चार दिवसांत येत असेल तर निघण्याआधी व्हेटना विचारून देऊन टाका. परत आल्यावर मुलीला पंधरा मिनिटं काकूंकडे ठेवा. आधी तुम्ही पांढरे मोजे घालून आत जा, सगळे दिवे लावा, खोल्यांतून आपटत चाला आणि व्हॅक्यूम फिरवा. मोतीला तेव्हा सोबत घ्या.